बेदाण्याची निवड आणि शिकणारे यंत्र

तासगाव व सांगलीच्या बाजारपेठांत बेदाण्याचा सौदा निघतो तो हिरवा, पिवळा व काळा अशा वर्गांनी, आणि भावातील अंतर बव्हंशी याच वर्गवारीने ठरते. सुमारे ४ किलो द्राक्षांपासून १ किलो बेदाणा मिळतो. म्हणून निवडीत बाजूला पडलेला चांगला बेदाणा म्हणजे चौपट द्राक्षांचे नुकसान, हे बागायतदार बंधूंनी आरंभीच ध्यानी घ्यावे.

शेडमधील जाळ्यांवर सावलीत वाळलेल्या मालाची काडी मोडून, चाळणीने आकारवारी झाली की तो रंगनिवडीस जातो. हे काम पूर्वी स्त्री-मजूर हाताने करीत. अनेक ठिकाणी आजही करतात. यंत्रात बेदाणा पातळ थराने सोडला जातो, प्रखर उजेडात कॅमेरे प्रत्येक मणी टिपतात व नको असलेला मणी दिसताच दाबाच्या हवेचा झोत सुटून तो बाजूस उडविला जातो. जुन्या यंत्रास रंगाची एक मर्यादा ठरवून द्यावी लागे. तीहून गडद ते खराब. त्यामुळे बेदाण्याच्याच रंगाची काडी वा खडा सहज निसटे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रास चांगल्या व खराब मालाची हजारो छायाचित्रे दाखवितात आणि त्यांतील भेद ते आपणच हुडकून काढते. रंगाबरोबर आकार व सुरकुत्याही ते पाहते.

तथापि जे दाखविले नाही, ते त्यास ठाऊक नसते. गेल्या हंगामात एका निवडकेंद्रात प्रस्तुत लेखक उभा असता एका वयस्क शेतकऱ्याने टाकाऊ क्रेटमध्ये हात घातला, चार मणी तोंडात टाकले व विचारले, "साहेब, यात खराब काय हाय?" चालकापाशी उत्तर नव्हते. माल सोनाका वाणाचा, लांबट मण्यांचा. यंत्र मात्र थॉम्पसन सीडलेसच्या छायाचित्रांवर शिकलेले. बारीक लांबट मणी ते काडीत जमा करीत होते! सोनाकाचे नमुने दाखवून यंत्रास पुन्हा शिकविल्यावर हा दोष पुष्कळ कमी झाला. पण तोवर त्या गृहस्थांचा बराच माल हलक्या भावाने गेला होता.

सबब सर्व माल सोपविण्यापूर्वी ५० किलो बेदाणा यंत्रावरून काढून पहावा. दोन्ही भाग तोलावेत, टाकाऊ भाग सगळा हाताने निवडावा व त्यात चांगला माल किती निघतो ते लिहून ठेवावे. चांगल्या भागात काडी किती राहिली तेही पहावे. दोन्ही चुका एकदम नाहीशा होत नाहीत. काडी अजिबात नको म्हणून यंत्र कडक लावले, की चांगले मणीही अधिक उडतात. हा कडकपणा किती असावा, हे चालकाने एकट्याने ठरवू नये. ज्याचा माल त्यास विचारावे. बेदाण्याची चिकट साखर कॅमेऱ्यापुढील काचेवर बसते आणि मग शहाणे यंत्रही आंधळे होते. आपला माल लागण्यापूर्वी काच पुसून घेण्यास सांगण्यात संकोच नसावा.

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले असून पुढे अशी यंत्रे गावोगाव दिसू लागतील. नव्या केंद्रात जाताना आपल्या वाणाचा चांगला व खराब नमुना वेगवेगळ्या पिशव्यांत बरोबर न्यावा. टाकाऊ ठरलेला मालही आपल्याच मालकीचा असतो. तो तोलून, आपल्या क्रेटमध्ये भरून परत आणावा.