घरातील पायली आणि गावाचा इतिहास

आपल्या गावात किल्ला नाही, शिलालेख नाही, जुने देवालयही नाही. मग मुलांना स्थानिक इतिहास शिकवावा तो कशाच्या आधारे, असा प्रश्न शाळाभेटीच्या वेळी अनेक शिक्षकबंधुभगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे. तथापि उत्तर शोधण्यास गावाबाहेर जाण्याचे कारण नाही. घरोघरच्या माळ्यावर किंवा धान्याच्या खोलीत काय पडले आहे याची चौकशी केल्यास पुष्कळ ठिकाणी लाकडाची, लोखंडी पत्र्याची अथवा पितळेची पायली, निदान शेराचे एखादे माप, अजूनही आढळते. नवी सून उंबरठ्यावरचे माप पायाने लवंडून घरात येते, तेवढ्यापुरते ते बाहेर निघते. एरव्ही त्यात खिळे व सुतळ्या पडलेल्या असतात. या एका वस्तूचा माग काढल्यास गावाचा केवढा इतिहास हाती लागतो, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रथम मुलांना कोष्टक समजावून द्यावे. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. येथपर्यंत फारसा मतभेद नाही. पुढे मात्र कोठे बारा पायल्यांचा मण, तर कोठे सोळा पायल्यांचा. आणि वीस मणांची खंडी. येथे एक खुलासा आवश्यक आहे. वजनाचा शेर वेगळा व मापाचा शेर वेगळा. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा, आणि अशा ४० शेरांचा मण. मापाचा शेर म्हणजे भांड्यात मावेल तेवढे धान्य. त्यात ज्वारी घातली तर भार एक, भात घातला तर दुसरा. मुलेच काय, मोठी माणसेही येथे गोंधळतात, म्हणून हा भेद तराजूवर प्रत्यक्ष दाखवावा.

माप सर्वत्र सारखे नव्हते, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मराठेशाहीतील कागदांत धान्याच्या आकड्यापुढे ‘कैली’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ, हे धान्य वजनाने नव्हे, मापाने मोजलेले आहे. बारा पायल्यांच्या मणाच्या मापास ‘बारुले’ म्हणत. माप कोणते हे लिहून ठेवण्याची गरज पडे, यावरूनच मापे अनेक होती हे उघड होते. मुंबई इलाख्यात १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला. पुढे १९५६ साली केंद्राचा कायदा झाला. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली, आणि एप्रिल १९६२ पासून व्यापारातील जुनी वजने बंद झाली. खळ्यावरची आणि घरातली पायली मात्र त्यानंतरही बरीच वर्षे चालू राहिली. कायद्याने बाजार बदलतो, स्वयंपाकघर सावकाश बदलते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. माप भरल्यावर त्याच्या काठावर धान्याची जी निमुळती रास उभी राहते, तिला शीग म्हणतात. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ असे आपण वर्गात लिहून देतो, ती शीग हीच. काठाशी हात फिरवून सपाट केलेले माप आणि शीग लावलेले माप यांत किती अंतर पडते, हा हिशोब इयत्ता चौथीच्या मुलांस सहज करता येईल. समजा, एका पायलीवर एक चिपटे शीग राहिली. पायलीत चिपटी सोळा. खंडीत पायल्या, बाराच्या मणाने, २४०. म्हणजे खंडीमागे २४० चिपटी, अर्थात १५ पायल्या, मणाहून अधिक धान्य केवळ शिगेत गेले! आणि हे धान्य कोणाच्या वहीत लिहिले जात नसे.

पेरणीच्या सुमारास धान्य उसने घ्यावे आणि सुगीनंतर सवाईने किंवा दिढीने परत करावे, ही रीत आपल्याकडे सर्वत्र होती. एक मण नेला तर दिढीने दीड मण, म्हणजे १८ पायल्या परत करावयाच्या. देताना माप सपाट आणि घेताना शिगेचे, असे असेल तर आणखी १८ चिपटी, म्हणजे एक पायली व दोन चिपटी वर गेली. १८७५ साली पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, हे पुस्तकात येते. रोख्यावर लिहिलेले कर्ज जाळता आले. तोंडी व्यवहारातील शिगेचा रोखा नव्हताच. त्याचा साक्षीदार म्हणजे माळ्यावरचे हे मुके भांडे.

म्हणून वस्तू हाती आली की ती कोणत्या काळची, एवढेच विचारून थांबू नये. माप कोणाच्या घरचे, मोजणारा कोण आणि पदर पसरून उभा राहणारा कोण, हे विचारावे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांस सुगीला बलुते मिळे. मजुरी धान्याने मिळे. महारांस गावकामाबद्दल मिळणारे बलुते तर अपमानासह मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यात बलुत्याऐवजी रोख मोबदल्याची तरतूद सुचविली होती. ती सूचना का आली, हे पायली समोर ठेवून जितके स्पष्ट होते तितके नुसत्या वाचनाने होत नाही. मुंबई राज्यातील कनिष्ठ गाववतने पुढे १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

येथे शिक्षकाने तारतम्य बाळगलेच पाहिजे. तुझ्या आजोबांना बलुते मिळत होते काय, असा प्रश्न भर वर्गात एकट्या मुलास कदापि विचारू नये. वडीलधाऱ्यांची मुलाखत शिक्षकाने स्वतः, त्यांच्या घरी जाऊन, त्यांची इच्छा असल्यासच घ्यावी. माप ज्यांच्या घरी होते त्यांची हकिकत आणि ज्यांनी त्या मापाने घेतले त्यांची हकिकत, दोन्ही घ्याव्यात. त्या जुळणार नाहीत. न जुळोत, दोन्ही लिहून ठेवाव्यात. १९६२ साली दहा-बारा वर्षांची असलेली माणसे आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. हे काम पुढील वर्षावर टाकण्यासारखे नाही.

प्रत्यक्ष पाहणीत पुढीलप्रमाणे लक्ष घालावे. मापाच्या बुडावर व काठावर शिक्का, नाव किंवा साल आहे काय ते पाहावे. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतचा काळ असेल तर ७९. शके १८४२ म्हणजे इ. स. १९२० किंवा १९२१. अक्षरे मोडी असल्यास नक्कल कागदावर उतरून जाणकारास दाखवावी. नंतर माप ज्वारीने सपाट भरून तीच ज्वारी लिटरच्या मापाने मोजावी. मग शीग लावून पुन्हा मोजावी. शेजारच्या वाडीवरची पायली मिळाल्यास तिच्याशी ताडून पाहावे. दोन पायल्या तंतोतंत सारख्या निघाल्या नाहीत, तर मुलांना होणारे आश्चर्य पाहण्याजोगे असते.

मोजताना म्हाताऱ्या माणसास जवळ बसवावे. तो पहिल्या मापास ‘एक’ म्हणणार नाही, ‘लाभ’ म्हणेल. ‘पायलीचे पन्नास’, ‘शेरास सव्वाशेर’ यांसारखे बोलही अशा वेळी आपोआप निघतात. ते फळ्यावर लिहून घेतल्यास भाषेचा पाठही त्यातच होतो.

सर्व नोंदी एका वहीत कराव्यात: वस्तूचे चित्र, उंची व तोंडाची रुंदी सेंटिमीटरमध्ये, लिटरमधील माप, सांगणाऱ्याचे वय व त्याने सांगितलेली हकिकत. नाव त्याच्या संमतीनेच लिहावे. वस्तू शाळेत ठेवून घेण्याचा आग्रह धरू नये. ती ज्याची त्यास त्याच दिवशी परत करावी. आणि मुलांच्या हाती देण्यापूर्वी घरच्या मंडळींना एवढे अवश्य सांगावे की, पितळी माप चिंचेने घासून लख्ख करू नका. ठिपक्यांनी कोरलेली अक्षरे त्यानेच पुसट होतात.