पीएसपीवरचा फुटबॉल

सोनीचा पीएसपी डिसेंबर 2004 मध्ये जपानमध्ये आला. घरच्या प्लेस्टेशन 2 च्या रिमोटला दोन स्टिक आणि वर चार बटणं. इथे एकच चपटी स्टिक, आणि वर फक्त एल-आर. कोनामीचा 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' या तुटपुंज्या बटणांवर खेळायचा, म्हणजे प्रत्येक बटण नीट ओळखायला हवं.

नवखा खेळाडू आर दाबूनच ठेवतो. पळणं वेगवान होतं खरं, पण प्रत्येक स्पर्शाला चेंडू पायापासून लांब जातो आणि समोरचा बचावपटू तो अलगद काढून घेतो. मोकळी जागा दिसली की आर दाबा, माणूस अंगावर आला की सोडा. निम्मा खेळ इथेच सुधारतो.

शॉटचं बटण जितका वेळ दाबाल तितकी ताकदीची पट्टी भरते. पेनल्टी बॉक्समधून पट्टी अर्ध्यापुढे गेली, की चेंडू बहुधा प्रेक्षकांत! हलका टिचका पुरतो.

बचावात मात्र हात आवरावा लागतो. घसरून टॅकल मारण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो चुकला की खेळाडू जमिनीवर आणि गोलसमोर भगदाड. एलने खेळाडू बदलत पास जाण्याची वाट अडवा. पडदा जेमतेम 4.3 इंची, त्यामुळे नजर चेंडूवरच खिळते. खालच्या छोट्या रडारकडे बघायची सवय लावली, तर पडद्याबाहेर मोकळा धावणारा विंगर दिसतो. सरावासाठी ट्रेनिंग मोड आहेच, कंटाळवाणा असला तरी.