रहदारीचे शास्त्र (लेखांक ६) : रक्तातील मद्य आणि घड्याळ

वेग आणि गाडी थांबण्याचे अंतर यांचा जो हिशेब गेल्या आठवड्यात आपण मांडला, त्यात एक गृहीतक गुपचूप येऊन बसले होते : चालक शुद्धीवर आहे, आणि संकट दिसताच त्याचा पाय ब्रेककडे जातो. मद्य हे गृहीतकच काढून घेते. चालक सोळा-सतरा वर्षांचा असेल, तर ते मुळातच डळमळीत असते.

पोटातून, आणि मुख्यत्वे लहान आतड्यातून, रक्तात उतरलेले मद्य मेंदूपर्यंत पोहोचले, की तोल जाण्याच्या आणि जीभ जड होण्याच्या कितीतरी आधी आपली अवस्था जोखणारी शक्तीच मंदावते. त्यामुळे ‘मला काही चढलेली नाही’ ही पिणाऱ्याची कैफियत बहुधा प्रामाणिक असते, आणि म्हणूनच ती घातक. आवेगांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या सुमारास परिपक्व होतो; तेव्हा सतराव्या वर्षीचे मद्य म्हणजे अर्धवट बांधलेल्या बंधाऱ्यावर आलेला पूर होय. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर धावते. भान येण्यास अर्धा सेकंद अधिक लागला, तर ब्रेक दाबला जाण्यापूर्वीच आठ मीटर, म्हणजे दोन मोटारी एकामागे एक उभ्या राहतील इतका रस्ता, हातचा गेलेला असतो.

हे मद्य उतरते ते केवळ यकृताच्या चालीने : १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्राम. काळी कॉफी, ताक, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, यांपैकी कशानेही ही चाल वाढत नाही. फार तर पिणारा जागा राहतो, आणि जागा असल्यामुळे किल्ली मागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्राम इतकी आहे.

ही संथ चाल तपासाच्या मुळावर कशी येते, हे पुण्याच्या कल्याणीनगरातील प्रकरणात दिसले. १९ मे २०२४ रोजी, मध्यरात्र उलटून अडीचच्या सुमारास, सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचे पोलिसांनी सांगितलेल्या पोर्शे मोटारीने एका दुचाकीस धडक दिली, आणि मूळचे मध्य प्रदेशातील दोन तरुण संगणक अभियंते मृत्युमुखी पडले. रक्ताचा नमुना घेतला गेला तो सकाळी अकराच्या सुमारास. साडेआठ तासांत, वरच्या हिशेबाने, सव्वाशे मिलिग्रामांच्या आसपास, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या चौपट, मद्य रक्तातून आपोआप नाहीसे होऊ शकते. पुरावा नष्ट करण्यास कोणाची गरजच उरत नाही. असे असूनही ससून रुग्णालयात तो नमुना बदलला गेला, असा आरोप ठेवून पोलिसांनी तेथील डॉक्टरांना अटक केली. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन मंजूर करताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीची लोकांनी यथेच्छ टर उडवली. पण मला त्या निबंधाहून अधिक खटकते ती त्या रात्रीच्या वडीलधाऱ्यांची साखळी.

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. मोटारीच्या परवान्यास १८ पूर्ण व्हावी लागतात. सतरा वर्षांच्या मुलापुढे पेला येतो तेव्हा तो कोणी तरी भरलेला असतो, आणि किल्लीही कोणाच्या तरी घरातून आलेली असते. म्हणूनच २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १९९ क पालकाला किंवा वाहनमालकाला दोषी धरते : तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७७ तर बालकास मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगते. शिकवणीला स्कूटर घेऊन जाणारा दहावीतला मुलगा ज्या घरात कौतुकाचा विषय असतो, तेथे ही कलमे कोणी वाचलेली नसतात. ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीत मात्र तीच स्कूटर पोलीस चौकीच्या आवारात उभी राहते, आणि ती सोडवून आणण्यासाठी ओळखीचा माणूस शोधला जातो.

अशा अपघातात विमा कंपनी मृताच्या वारसांना भरपाई देऊन ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करू पाहते, तेव्हा घरदाराचे काय होते, याचा विचार पुढील लेखांकात.