तुमचा फेव्हरेट बँड मानकोलीच्या हळदीत वाजतोय

रात्री उशिरा रील्स स्क्रोल करताना तो सापडतो. पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ, गर्दीतून हलत्या हाताने काढलेला. पिवळे कपडे, हवेत हात आणि मागून एका तारवाद्याचा असा काही चिरत जाणारा आवाज की तुमचा अंगठा जागीच थांबतो. गाणं ओळखीचं आहे, पण गाणारं कुणीच नाही. तारच गातेय. तुम्ही तो व्हिडिओ परत परत बघता. खाली लिहिलंय, ‘मानकोली हळद, फुल राडा’. बँडचं नाव? ते नाही. आता अ‍ॅपवर शोधायचं तरी काय टाईप करून?

तर हा बेंजो. नाव अमेरिकेतल्या बँजोशी जुळतं, पण नातं तेवढ्यापुरतंच. आपल्या बेंजोचं मूळ जपानचं. 1912च्या सुमाराला नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या आणि ‘ताइशोगोतो’ तयार केलं. भारतात त्याचं बुलबुल तरंग झालं, आणि मुंबई-ठाण्यात पिकअप आणि अँप्लिफायर लागून गल्लीतला बेंजो. डावा हात कळांवर, उजव्या हातात तार छेडायची पट्टी. प्रत्येक कळीचा सूर ठरलेला, त्यामुळे सतारीसारखी तार ओढून मींड काढायची सोय नाही. मग वादक शेजारच्या कळांवर बोटं इतकी झरझर फिरवतो की कानाला वाटतं, सूर घसरत गेला. तुम्हाला अडकवलं ते यानेच.

रवी जाधवचा ‘बँजो’ (2016) पाहिला असेल, तर गोष्ट ओळखीची वाटेल. त्यात न्यूयॉर्कची मुलगी एक रेकॉर्डिंग ऐकून वादकाला शोधत मुंबईत येते. तुम्हाला एवढं लांब जायचं नाहीये. डोंबिवलीकरांना तर मोठागावचा पूल ओलांडला की मानकोली. पण हळदीला बोलावणं लागतं, तिकीट नाही. वर्गात मानकोली, काल्हेर, अंजूरचा एखादा मित्र असेलच. त्याला मस्का मारा. लग्नसराईत तुळशीच्या लग्नानंतर त्याच्याकडे आमंत्रणांचा ढीग असतो, आणि आगरी घरात हळद म्हणजे लग्नाइतकीच मोठी रात्र.

नाशिक हायवेवरचे कंटेनर, गोदामांच्या रांगा, आणि मग एका वळणावर अचानक गाव आणि मांडव. जमलं तर संध्याकाळी लवकर पोहोचा. धवलारीण धवले म्हणत असेल तर पाच मिनिटं शांत बसून ऐका. माइक नाही, साथ नाही, पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेली गाणी. त्या आवाजानंतर टेम्पोतून स्पीकर उतरताना बघितले की एकाच घरातल्या दोन मैफिली कळतात.

आणि मग सुरू होतं. रीलमध्ये तुम्ही जे ऐकलं ते अर्धंच होतं. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, त्यामुळे ढोलाचा ठोका तुमच्यापर्यंत आलाच नव्हता. इथे तो आधी छातीत लागतो, कानात नंतर. (कापूस खिशात ठेवा. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं म्हणजे कानांचा दिवसभराचा कोटा संपला. हे सांगणारा मी पहिल्या हळदीनंतर दोन दिवस ‘काय? काय?’ करत होतो.) ढोलकीवाला बेंजोवाल्याकडे बघतो, भुवई उडवतो आणि लय दुप्पट होते. कोणतं गाणं पुढे येणार हे लिहून ठेवलेलं नसतं. समोरची आजी कशावर उठली, पोरं कशावर बसली, ते बघून गाणं बदलतं. स्टेडियममधल्या कॉन्सर्टला तुम्ही स्टेजपासून दोनशे मीटरवर उभे राहून स्क्रीन बघता. इथे बेंजोवाल्याच्या बोटांवरची चिकटपट्टीसुद्धा दिसते.

मला एक गोष्ट मात्र खटकते. लग्नपत्रिकेत काका-मामा-आत्यांची चाळीस नावं असतात, अगदी ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांचीही. चार तास अख्खं गाव नाचवणाऱ्याचं नाव तिथे नसतं. पार्टीचं नाव टी-शर्टच्या पाठीवर असतं, वादकाचं कुठेच नाही. रील लाखोंनी पाहिली जाते, पण टॅग होतो नवरदेव. त्यात डीजे आलाय. एक माणूस, एक लॅपटॉप, आणि बिलही बरेचदा कमी. डीजेशी माझं वैर नाही, त्याच्यावरही नाचलोय. पण यजमानाने ‘यंदा डीजेच सांगू’ म्हटलं की एका फोनमध्ये दहा-बारा जणांची रात्र जाते. सगळ्यांची नुसत्या वाजवण्यावर चूल पेटत नाही. बरेच जण दिवसा दुसरीकडे राबून संध्याकाळी वाद्य उचलतात.

दहा वाजता स्पीकर बंद, नियमच आहे. गर्दी जेवणाकडे पळते. तुम्ही पळू नका. बेंजोवाला वाद्याच्या तारा पुसत असेल, घामाने निथळलेला. ‘दादा, कडक वाजवलंत’ म्हणा आणि नाव विचारा. पार्टीचं नाही, त्याचं. पहिल्यांदा तो पार्टीचंच सांगेल, सवयीने. परत विचारा. तो थोडा गोंधळेल, मग आडनावासकट नाव सांगेल, ढोलकीवाल्याला हाक मारून त्याचंही सांगेल. रील टाकताना दोन्ही नावं नीट लिहून घ्या. तोवर टेम्पोत स्पीकर चढलेले असतील, आणि निघता निघता तोच खिडकीतून ओरडेल, ‘शनिवारी काल्हेरला आहे, या!’