वाकलेली पाठ

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांत एखादी पाठीत वाकलेली वृद्धा दिसली, की ‘वय झाले’ असे म्हणून लोक पुढे जातात. वस्तुतः अशा बाकामागे पुष्कळदा मोडलेला मणका असतो.

मणक्याचा अंतर्भाग म्हणजे बारीक अस्थिपट्टिकांची जाळी. हाडांची झीज व भरणी जन्मभर चालते. परंतु उतारवयात, आणि स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर विशेष वेगाने, झीज भरणीवर मात करते. हीच अस्थिसुषिरता. जाळी विरळ झाली, की पाण्याची बादली उचलणे, क्वचित नुसती शिंकही पुरते. मणका पुढून चेपतो व पाचरीच्या आकाराचा होतो. मनगट मोडले तर सारे घर धावते. मणक्याचे दुखणे मात्र ‘कंबर धरली’ एवढ्यावर निभावते, कित्येकदा दुखतही नाही. असे सुमारे दोन-तृतीयांश अस्थिभंग वैद्यापर्यंत पोहोचतच नाहीत. आणि एक मणका चेपला, की दुसरा चेपण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो.

हा छुपा भंग ओळखण्याचे साधन घरच्या भिंतीवरच आहे. तारुण्यातील उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा अधिक घट आढळल्यास कण्याचे क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. चेपलेला मणका औषधाने पूर्ववत होत नाही. मात्र उरलेल्यांचा बचाव होऊ शकतो.