पत्र्यावरचे मांजर खाली कसे येते?

दिवा पूर्वेला चाळींची दाटी. चाळीमागे मोरीचे पाणी वाहून जाते तेवढी हातभर मोकळी जागा, तेच आपले परसदार. खाडी जवळ, जमीन सखल, गटारे उघडी. म्हणून उंदीर-घुशी पुष्कळ, आणि उंदीर तेथे मांजर. हा संबंध फार जुना आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांच्या मागे रानमांजर वस्तीत शिरले. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. गाय-बैलासारखे दावे लावून मांजराला कोणी आणले नाही. ते आपल्या मर्जीने आले आणि आजही मर्जीनेच जवळ येते.

परंतु आपल्या वस्तीत त्याच्या वाट्याला येते काय? पोरांचा दगड, मोरीतून फेकलेले पाणी, आणि आडवे गेले म्हणून शिवी. शिकलेसवरलेले लोकही मांजर आडवे गेल्यावर चार पावले मागे येतात, हे पाहून आम्हाला नवल वाटते. पहाटेची लोकल चुकते ती मांजरामुळे नव्हे, त्या चार पावलांमुळे!

असे मार खाल्लेले मांजर पत्र्यावर बसून सर्वांवर नजर ठेवते. त्याचा विश्वास लाडाने मिळत नाही, नेमाने मिळतो. रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात, एकाच करवंटीत खाणे ठेवावे आणि दूर व्हावे. ठेवताना वाटीवर चमचा वाजवला तर आठवड्याभरात त्या आवाजाची ओळख पटते. उकडलेल्या मांदेलीची डोकी, काटे काढलेला मासा, थोडा भात पुरे. कांदा-लसणाचे कालवण मांजराला अपायकारक असते आणि खारवलेल्या सुकटीत मीठ फार असते. दुधाचा तर गैरसमजच आहे. मोठ्या मांजराला पुष्कळदा दूध पचत नाही, हगवण लागते. त्यापेक्षा स्वच्छ पाणी ठेवावे. हंड्यासाठी रांग लावणाऱ्या आपल्या माता-भगिनींना तहान म्हणजे काय हे सांगायला नकोच.

मग रोज थोडे जवळ बसावे. उभा माणूस मांजराला डोंगराएवढा वाटतो, म्हणून उकिडवे बसावे, अंग थोडे वळवून. डोळे रोखून पाहू नये. मांजरांच्या जगात ती भांडणाची खूण आहे. उलट डोळे अर्धे मिटून सावकाश उघडावेत. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली हे तपासून पाहिले. अनोळखी माणसाने असे डोळे मिटले तर मांजर त्याने पुढे केलेल्या हाताकडे अधिक येते, असे त्यांना आढळले. शेपूट ताठ वर करून आले तर मैत्री समजावी. कान मागे पडले, शेपूट फटकारू लागले की आपण उठावे. पहिला स्पर्श आपण करायचा नसतो. बोट पुढे धरावे, त्याने हुंगावे, गाल घासावा. मग हनुवटीखाली खाजवावे. पोटाला हात नको, उचलणे तर नकोच.

याला आठवडे लागतात, कधी महिने. म्हातारा, मारका बोका कदाचित कधीच हात लावू देणार नाही. तो पत्र्यावरून उतरून आपल्यासमोर निवांत जेवला तरी पुष्कळ झाले. पिल्लांचे वेगळे आहे. दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाचा प्रेमळ हात लागलेले पिल्लू पुढे माणसाला भीत नाही. मुलांना हे काम द्यावे, मात्र मोठ्यांच्या देखत. ओरखडा आला किंवा दात लागला तर हळद, चुना, तिखट काही भरू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. ती आता पोटात नव्हे, दंडात देतात. घरात गरोदर बाई असेल तर तिने मांजराची घाण काढू नये. मांजर आजारी दिसले म्हणून आपल्या डब्यातील क्रोसिन देऊ नये. ते मांजराला विष आहे.

आता खरा प्रश्न. एक मांजरी विश्वासाने आली की दोन महिन्यांनी चार पिल्ले येतात. मग शेजारी कुरकुरतात, आणि एखाद्या रात्री पिल्ले पोत्यात घालून खाडीकडे सोडली जातात. आई पुढे कित्येक दिवस बोळातून ओरडत फिरते. तो आवाज दिव्यात अनेकांनी ऐकला आहे. 1960 च्या कायद्याने प्राण्यांना क्रूरपणे वागवणे गुन्हा आहे, आणि 1976 साली संविधानात आलेल्या अनुच्छेद 51 क प्रमाणे प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे नागरिकाचे कर्तव्य आहे. पोलिसात जाणे हा मात्र शेवटचा मार्ग. त्याआधी नसबंदी करावी. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. उशीर करू नये.

मिळवलेला विश्वास येथेच कामाला येतो. हात लावू देणारी मांजरीच टोपलीत बसते. झाकणाची टोपली आठवडाभर आधीपासून करवंटीशेजारी उघडी ठेवावी, आत फडके अंथरावे, खाणे हळूहळू आत सरकवावे. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचे जुने इस्पितळ आहे. दिव्याहून धीम्या लोकलने थेट जाता येते. तेथे किंवा जवळच्या पशुवैद्याकडे आधी खर्चाची चौकशी करावी. चाळीतील पाच-सहा घरांनी वर्गणी काढली तर एका घरावर भार पडत नाही. शस्त्रक्रियेनंतर कानाचे टोक किंचित कापतात. ती नसबंदीची खूण. परत आणल्यावर मांजरी एक-दोन दिवस रुसून पत्र्यावर बसली तरी रोजच्या वेळी चमचा वाजवावा.