मरणोत्तर मुक्काम : लेखांक पाचवा – एका पोपची तीन प्रवचने

इ. स. १३३१ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, आव्हिन्यों शहरातील नोत्र-दाम-दे-दों या मुख्य मंदिरात वयाची पंचाऐंशी वर्षे ओलांडलेला एक ठेंगणा, निस्तेज वर्णाचा वृद्ध प्रवचनास उभा राहिला आणि ज्या संतांचा तो सण, त्या संतांनाच परमेश्वराचे साक्षात दर्शन अद्याप घडलेले नाही, असे त्याने भर सभेत सांगितले. हा वृद्ध कोणी भटका उपदेशक असता तर धर्मन्यायालयाने त्याचा बंदोबस्त तेव्हाच केला असता. परंतु तो स्वतः पोप होता, आणि पाखंडाचे निवाडे ज्याच्या अधिकाराने होत त्याच्याच मुखातून हे उद्गार निघाल्यामुळे पुढील तीन वर्षे पश्चिम युरोपातील विद्यापीठे, मठ आणि दरबार एका विलक्षण पेचात सापडले.

मागील लेखांकांत आपण पाहिले की, देह सुटल्यापासून अंतिम न्यायापर्यंत आत्मा कोठे असतो याविषयी पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती आचार्यांत एकवाक्यता नव्हती. लूकच्या शुभवर्तमानातील दरिद्री लाजरस अब्राहामाच्या उराशी विसावा घेतो आणि श्रीमंत मनुष्य ज्वाळेत तळमळतो. त्याच ग्रंथात वधस्तंभावरील चोराला ‘आजच’ नंदनवनाचे आश्वासन मिळते. आणि ऑगस्टीनसारखा महापंडित मृत्यू व पुनरुत्थान यांच्या मधल्या काळासाठी आत्म्यांच्या गुप्त निवासस्थानांचा उल्लेख करून पुढे निघून जातो. १२७४ साली लियोंच्या धर्मसभेत, शुद्धिस्थानातील दंड भोगून निर्मळ झालेले आत्मे विनाविलंब स्वर्गात घेतले जातात, एवढे नमूद झाले. स्वर्गात गेल्यावर त्यांना नेमके काय दिसते, हे मात्र त्या कागदात स्पष्ट नव्हते, आणि कायदेपंडिताची नजर नेमकी अशा रिकाम्या जागेवर पडते.

पोप बावीसावा जॉन हा पेशाने कायदेपंडितच होता. काओर गावचा हा झाक दुएझ, दोन वर्षांहून अधिक काळ पोपचे आसन रिकामे राहिल्यानंतर, १३१६ साली सुमारे बहात्तराव्या वर्षी निवडला गेला तेव्हा, म्हातारा फार दिवस काढणार नाही, तोवर आपापसांत काही तडजोड निघेल, असा निवडणाऱ्यांपैकी अनेकांचा हिशेब असावा. पण म्हाताऱ्याने अठरा वर्षे अंमल केला, वसुलाची घडी बसवली, आणि त्याच्या दप्तरात साठ हजारांहून अधिक पत्रांची नोंद झाली. फ्रान्सिस्कन संन्याशांच्या दारिद्र्यवादाला त्याने पाखंड ठरवले, बव्हेरियाच्या लुईशी सम्राटपदावरून वैर धरले, आणि १३२३ साली थॉमस अक्वायनसला संतपद दिले. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण पुण्यात्म्यांना देहाविना, न्यायदिनापूर्वीच, ईश्वरस्वरूपाचे दर्शन होते असे जे मत पुढे पोपच्या डोक्यावर आदळले, त्याचा सर्वांत समर्थ पुरस्कर्ता हाच अक्वायनस होता.

पोपचा युक्तिवाद सरसकट टाकून देण्यासारखा खास नव्हता. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात हुतात्म्यांचे आत्मे वेदीखाली दिसतात, आमचा न्याय कधी होणार असा आक्रोश करतात, आणि त्यांना शुभ्र झगे देऊन आणखी थोडा काळ विसावा घेण्यास सांगण्यात येते. बाराव्या शतकातील सिस्टर्शियन मठाधिपती क्लेअरव्होचा बर्नार्ड याने या दृश्याचा असा अर्थ लावला होता की, वेदी म्हणजे ख्रिस्ताचे मनुष्यत्व. त्या छायेत आत्मे आज सुरक्षित आहेत, सुखी आहेत, परंतु वेदीवर चढून देवत्वाचे दर्शन घेण्याचा अधिकार त्यांना पुनरुत्थानानंतर मिळेल. जॉनने बर्नार्डचा हाच धागा उचलला. १५ डिसेंबरच्या दुसऱ्या प्रवचनात त्याने तो अधिक ताणला: बक्षीस मिळायचे ते मनुष्याला, आणि देहाविना असलेला आत्मा हा पुरता मनुष्य नव्हे. ५ जानेवारी १३३२ च्या तिसऱ्या प्रवचनात दुसरी बाजूही त्याच मापाने मोजून, पापी आत्मेही न्यायदिनापूर्वी नरकात पडलेले नाहीत, असे त्याने प्रतिपादिले. आरोप शाबीत होऊनही शिक्षेचा हुकूम सुटेपर्यंत कैदी जसा कच्च्या कोठडीत असतो, तशी ही मधली अवस्था. आणि न्यायाधीशाने अखेरचा निकाल वाचण्यापूर्वीच बक्षीस व सजा यांची अंमलबजावणी होत असेल तर तो निकाल वाचायचा तरी कशासाठी, हा प्रश्न एका वकिलाला सुचावा यात नवल नाही.

मग एवढा गहजब का व्हावा? त्याचे कारण विद्यापीठांत शोधण्यापेक्षा गावोगावच्या देवळांत शोधणे बरे. त्या काळचा सामान्य ख्रिस्ती माणूस आजारात, प्रवासात, बाळंतपणात कोणा ना कोणा संताचा धावा करी, आणि त्या धाव्यामागे अशी श्रद्धा असे की, संत परमेश्वरासमोर उभा आहे, परमेश्वराच्या ठायी तो आपली हाक ऐकतो आणि आपली रदबदली करतो. संतच जर वेदीखाली वाट पाहत बसले असतील, तर ज्याला धन्याच्या दिवाणखान्यात अजून प्रवेश नाही अशा मुखत्याराकडे अर्ज करण्यासारखे ते होते. तीर्थयात्रा, अवशेषपूजा, मृतांसाठी मिस्सा, पापदंडाच्या माफीपत्रांचा सारा व्यवहार यांवर या तीन प्रवचनांची सावली पडली. आणि हा व्यवहार ज्या कचेरीतून चाले तिचा मुख्य अधिकारीच तो पाया उकरत होता. माझ्या मते या प्रकरणातील खरी गंमत अशी की, पोपला नवमतवादी म्हणून दूषण देणारे बहुतेक जण त्याच्यापेक्षा नव्या मताचे होते. जॉन जुन्या आचार्यांची वचने गोळा करीत होता, आणि ती त्याला विपुल सापडत होती. त्याचे विरोधक गेल्या दोनतीन शतकांत लोकांच्या अंगवळणी पडलेली उपासना राखू पाहत होते. ख्रिस्ती समाज जे रोज आचरीत होता त्याच्याशी जुने वचन जुळेना, आणि अशा झगड्यात वचनाने हार खाल्ली.

विरोध प्रथम पोपच्या अगदी अंगणात उमटला. थॉमस वॉलिस नावाच्या इंग्रज डॉमिनिकनाने ३ जानेवारी १३३३ रोजी आव्हिन्योंतच आपल्या संघाच्या मठात पोपच्या मताविरुद्ध खरपूस प्रवचन केले आणि थोड्याच दिवसांत तो धर्मन्यायालयाच्या हवाली झाला; पुढे बराच काळ तो कोठडीतून आपली कैफियत लिहीत होता. मोचा बिशप असलेला दुरांदुस, जो अक्वायनसच्या मतांशी एरवी वाद घालत आला होता, तोही या मुद्यावर पोपविरुद्ध लिहिता झाला. तिकडे म्युनिकला लुईच्या आश्रयास राहिलेल्या विल्यम ऑकमादी फ्रान्सिस्कनांना तर घबाडच सापडले: आपल्याला पाखंडी ठरवणारा पोप स्वतःच पाखंडी! फ्रान्सिस्कन संघाचा तत्कालीन प्रमुख जेराल्ड ओडोनिस याने पॅरिसमध्ये पोपच्या मताची तरफदारी केली तेव्हा इतका क्षोभ उसळला की, राजा सहावा फिलिप याने १९ डिसेंबर १३३३ रोजी व्हँसेनच्या वाड्यात धर्मशास्त्राच्या आचार्यांना एकत्र बोलावले. त्यांनी एकमुखाने सांगितले की, निर्मळ आत्म्यांना ईश्वरस्वरूपाचे दर्शन आजच समोरासमोर होते, आणि न्यायदिनानंतर त्या दर्शनाची जागा दुसरे एखादे दर्शन घेणार नाही. जॉन मात्र सुरुवातीपासून सांगत राहिला की, आपण खाजगी विद्वान या नात्याने मत मांडले, पोप या नात्याने फैसला दिलेला नाही. आणि फैसला होईपर्यंत चर्चेस मोकळीक आहे. ही पळवाट म्हणावी तर वॉलिस तुरुंगात होता. आणि प्रामाणिक भूमिका म्हणावी तर जॉनने खरोखरच असा फैसला शेवटपर्यंत केला नाही.

या वादात एक शांत माणूस होता, आणि त्याच्याकडे थोडे थांबून पाहणे अगत्याचे आहे. झाक फुर्निए हा सिस्टर्शियन संन्यासी. कार्डिनल झाल्यावरही त्याने आपल्या संघाचा पांढरा झगा सोडला नाही. पोपने ज्यांच्याकडून या प्रश्नाचा अभ्यास करवून घेतला त्यांत तो होता, आणि त्याने जो भलामोठा ग्रंथ लिहिला तो पोपच्या विरुद्ध बाजूचा निघाला. मृतांच्या मुक्कामाचा प्रश्न त्याच्यापुढे पुस्तकांतूनच आला असे मात्र नाही. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या पामिएचा बिशप असताना त्याने पाखंडाची चौकशी चालवली होती. तिच्या जबान्यांची वही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आजही आहे. त्या वहीत आर्नो जेलीस नावाचा एक मनुष्य भेटतो, ज्याचा धंदाच, म्हटले तर, मेलेल्यांचे निरोप जिवंतांना पोचवण्याचा होता. जेलीसच्या सांगण्याप्रमाणे मृतांचे आत्मे त्याच मुलखात हिंडत असत; एका देवळातून दुसऱ्या देवळात जात, रात्री तेथे जागरण करीत, भरपूर सरपण असलेल्या घरांच्या चुलीपाशी ऊब घेत, आणि आपल्या नावाने मिस्सा करवावी म्हणून नातलगांना निरोप धाडीत. रस्त्याने चालताना हात झुलवू नयेत, अशी त्याची एक ताकीद आहे. कारण हवेत आत्म्यांची इतकी दाटी असते की, बेसावध माणसाच्या धक्क्याने एखादा बिचारा खाली पडायचा. बिशप फुर्निएने हे सर्व शब्दशः टिपून घेतले, उलटतपासणी केली, आणि जेलीसकडून ही मते सोडल्याची शपथ घेतली. शुद्धिस्थानाचा अग्नी आणि स्वर्गाचे दार यांविषयी शास्त्र काहीही म्हणो, लोकांच्या मनातील मृतांना अद्याप ठावठिकाणा मिळालेला नाही, हे त्या खोलीत त्याने जितके जवळून ऐकले तितके पॅरिसच्या कोणा आचार्याने ऐकले नसेल.

१३३४ च्या डिसेंबरात जॉनने अंथरूण धरले. ३ तारखेस त्याने कार्डिनलांना बोलावून त्यांच्यासमक्ष जाहीर केले की, देहापासून विलग झालेले निर्मळ आत्मे स्वर्गात आहेत, ख्रिस्तासमवेत आहेत, आणि ईश्वराचे स्वरूप ते समोरासमोर पाहतात, अर्थात विलग झालेल्या आत्म्याची स्थिती जितकी अनुकूल असेल तितक्या स्पष्टपणे. याहून वेगळे आपण काही बोललो असू तर ते रद्द समजावे. त्या एका ‘जितकी-तितक्या’च्या शर्तीत जुना कायदेपंडित अजून श्वास घेत होता. दुसऱ्या दिवशी तो वारला, आणि ज्या प्रश्नावर त्याने तीन वर्षे खर्ची घातली त्याचे उत्तर त्याला इतर कोणाहीआधी मिळाले असावे.

२० डिसेंबरला कार्डिनलांनी फुर्निएला निवडले; त्याने बारावा बेनेडिक्ट हे नाव घेतले. मसुद्यांना, मुकाबल्यांना वर्षभर देऊन २९ जानेवारी १३३६ रोजी त्याने जे आज्ञापत्र काढले त्यात ती कायदेशीर शर्त उरली नाही. ज्यांना शुद्धीची आवश्यकता नव्हती किंवा जे मरणोत्तर शुद्ध झाले, अशांचे आत्मे आणि समज येण्यापूर्वी निवर्तलेली बाप्तिस्मा झालेली बालके, हे सारे तत्काळ, देह परत मिळण्यापूर्वी व सार्वत्रिक न्यायापूर्वी, स्वर्गात असतात. त्यांना ईश्वरस्वरूपाचे दर्शन होते आणि त्या दर्शनात मध्ये कोणतीही सृष्ट वस्तू येत नाही. प्राणघातक पापात मेलेले लगेच नरकात उतरतात. तरीही न्यायदिनी सर्व मनुष्ये सदेह ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभी राहून आपापल्या कर्मांचा जाब देतील. शेवटचे हे कलम घातले नसते तर पाया आणि शिखर यांचा मेळच बसला नसता; आणि घातल्यावरही, सर्व निकालांची अंमलबजावणी झाल्यानंतर भरणाऱ्या त्या महान्यायालयात नवे असे काय व्हायचे, हा जॉनचा प्रश्न तसाच राहिला, असे मला वाटते. उत्तर देणारे सांगतात की, तेथे देह परत मिळतो, आणि खाजगीत झालेला निवाडा सर्व सृष्टीसमोर वाचला जातो. हे उत्तर अपुरे म्हणता येणार नाही. पण कॅथलिक भाविकाच्या मनात भयाचा केंद्रबिंदू तेव्हापासून जगाच्या शेवटाकडून स्वतःच्या मृत्यूच्या घटकेकडे अधिकाधिक सरकत गेला, हेही खरे.

आजच्या कॅथलिक आचाराला या आज्ञापत्राचा आधार आहे. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्ये १ नोव्हेंबरला संतांचा सण होतो तो ईश्वरासमोर पोचलेल्यांचा, आणि दुसऱ्याच दिवशी दफनभूमीत कबरी फुलांनी सजवून, मेणबत्त्या लावून, पुरोहिताकडून आशीर्वाद घेऊन जी प्रार्थना होते ती वाटेवर असलेल्यांसाठी. दुसरा दिवस अकराव्या शतकाच्या आरंभीच्या क्लूनीच्या ओदिलो या मठाधिपतीपासून रूढ झाला. म्हणजे प्रथा आधी आणि तिचा सिद्धान्त तीन शतकांनंतर, असा येथेही क्रम आहे. मराठी प्रोटेस्टंट घरांत मात्र त्या दुसऱ्या तारखेला काही होत नाही, आणि त्याचे कारण सोळाव्या शतकाच्या प्रकरणात येईल.

एक मुद्दा स्वतः बेनेडिक्टने मोकळा सोडला. कार्डिनल असताना लिहिलेल्या ग्रंथात त्याचा कल असा होता की, देह परत मिळाल्यावर हे दर्शन अधिक गहन होईल. पोप झाल्यावर काढलेल्या आज्ञापत्रात त्याने याविषयी एक अक्षर लिहिले नाही. पुढे १४३८ साली फेरारा येथे ग्रीक चर्चचे प्रतिनिधी कॉन्स्टँटिनोपलहून जहाजाने येऊन लॅटिनांसमोर बसले तेव्हा शुद्धिस्थानाच्या अग्नीवरून चाललेल्या खडाजंगीत, संतांना आज काय दिसते आणि न्यायदिनी काय वाढेल, हा प्रश्न पुन्हा मेजावर आला. ग्रीकांच्या बाजूने बोलणारा एफेससचा मार्क हा मधल्या अवस्थेविषयी बव्हंशी तेच म्हणत होता जे जॉनने आव्हिन्योंत सांगितले होते. त्या सभेचा वृत्तान्त पुढील लेखांकात.